विहीर आणि कालवा

ढगांच्या भरवशावर राहू नये, हे आम्हां बीड जिल्ह्यातल्या माणसांना कुणी शिकवावे लागत नाही. त्यामुळे 'क्लाऊड' हे नाव प्रथम ऐकले तेव्हा मला हसूच आले. पण हा ढग आकाशात नसतो. बड्या कंपन्यांच्या इमारतींतून हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात. आपण ते दुरून वापरायचे आणि वापरू तेवढे भाडे द्यायचे. अमेझॉनने मुंबईत असे केंद्र २०१६ साली उघडले. महाराष्ट्र सरकारनेही २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाऊडचे धोरण जाहीर केले. दुसरी रीत मिश्र: काही यंत्रे स्वतःची, काही भाड्याची.

आमच्या गेवराई तालुक्यातून जायकवाडीचा उजवा कालवा जातो. कालव्याच्या पाण्याला विहीर खणण्याचा खर्च नाही. मात्र पाळी दुसरा ठरवतो. विहीर खणताना कंबरडे मोडते, पण मोटार केव्हा लावायची ते आपल्या हाती. अर्थात विहीरही आटते म्हणा!

पुण्यात सॉफ्टवेअर तयार करणारा माझा एक जुना विद्यार्थी कालव्याच्या बाजूचा. "गुरुजी, एखाद्या चाचणीला आज शंभर संगणक लागतात, उद्या एकही नाही. विकत कशाला घ्यायचे?" त्याचे म्हणणे खोटे नाही. चार जणांच्या कचेरीला रात्रभर यंत्रांची राखणही जमत नाही.

ऐन दिवाळीत, २० ऑक्टोबर २०२५ रोजी, अमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात बिघाड झाला आणि जगभरच्या कितीतरी सेवा तासन्‌तास बंद पडल्या. त्याचे मला फारसे वाटत नाही. बिघाड घरच्या यंत्रातही होतो. मला बोचते ते निराळेच. मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या नायरा एनर्जीवर युरोपीय संघाने निर्बंध घातले आणि जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा रोखल्या. पैसे आपण भरले होते, असे कंपनीचे म्हणणे. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली. पुढे सेवा सुरू झाल्या. एवढ्या मोठ्या कंपनीला दाद मागता आली. लहानाने कुणाचे दार ठोठवावे?

माझा विद्यार्थी शाळांसाठी काम करतो. त्याच्याकडे मुलांची नावे येतात, जात येते, गुण येतात, बापाचा मोबाईल नंबर येतो. यातले त्याचे स्वतःचे काय? काहीच नाही. ती ठेव आहे. पूर्वी शेजारीण यात्रेला जाताना पाटल्या ठेवून जाई. त्या आपण तिसऱ्याच्या घरी ठेवल्या, तरी परत आल्यावर ती आपल्याच दारात येणार. २०२३ चा माहिती-संरक्षण कायदाही हेच सांगतो: काम दुसऱ्याकडे सोपवले, तरी जबाबदारी पहिल्याचीच.

म्हणून मी त्याला म्हटले, "चाचण्या खुशाल भाड्याच्या यंत्रांवर कर, पण खोट्या नावांनी. खरी नावे तिकडे ठेवायची झाली, तर कुलूपबंद ठेव आणि किल्ली स्वतःजवळ असू दे. शिवाय एक संपूर्ण प्रत घरच्या यंत्रावर हवी." तो म्हणाला, "त्या प्रतीचा खर्च शाळा देणार नाहीत." बरोबर आहे, देणार नाहीत. तो खर्च त्याने आपल्या नफ्यातून करायचा आहे.