आलेलं रीडिंग

जानेवारी सरत आला की ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या झेरॉक्सच्या दुकानांत बारावीची जर्नलं दिसू लागतात. आदल्या वर्षीच्या कुणाचं तरी तपासलेलं जर्नल मिळवायचं, त्यातली रीडिंगं शेवटच्या आकड्यात थोडी इकडेतिकडे करायची आणि उत्तर पुस्तकातल्या उत्तराला नेऊन भिडवायचं. कॉलेजऐवजी क्लासलाच जाणाऱ्या ‘इंटिग्रेटेड’च्या कित्येक मुलांनी प्रयोगातला लंबक हलताना पाहिलेलाही नसतो. भौतिकशास्त्राच्या शंभरातले तीस गुण प्रॅक्टिकलचे, ते पदरात पडले की घरात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला वाटतं. मी हा विषय शिकवते आणि माझा मुलगा अकरावीत आहे, म्हणून जास्तच वाटतं. थोरांच्या संमतीने मुलं जी पहिली लेखी लबाडी करतात, ती विज्ञानाच्या वहीत करतात. आणि तिला ‘रीडिंग अ‍ॅडजस्ट केलं’ असं म्हणून आपण मोकळे होतो.

मुलाने डोंबिवलीतल्या घरी खिडकीच्या ग्रिलला दोऱ्याने कुलूप टांगून लंबक केला. पंखा बंद, दोरा मोजून शंभर सेंटिमीटर, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. वीस हेलकाव्यांना ४०.६ सेकंद लागले. गणित मांडल्यावर गुरुत्वत्वरण आलं ९.५८, आणि पुस्तकात तर ९.८. “आई, चाळीस पॉइंट एक लिहू का?” त्याने विचारलं. त्याच्या आवाजात जराही संकोच नव्हता. किती सेकंद लिहिले की ९.८ येतं, हे त्याने उलटं गणित करून काढलंही होतं.

आलंय तेच लिही, मी म्हटलं, आणि असं का आलं ते शोध. त्याने पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. मला कारण दिसत होतं. ते ओठांवर आलेलं मागे परतवणं हे शिकवण्यातलं सगळ्यात कठीण काम आहे. बऱ्याच वेळाने त्याची नजर कुलपाकडे गेली. त्याने दोरा मोजला होता कुलपाच्या कडीपर्यंत, पण कुलपाचं वजन एकवटलं आहे त्याच्या पोटात, कडीच्या साधारण दोन सेंटिमीटर खाली. लांबी १०२ धरल्यावर उत्तर आलं ९.७७. चाळीस पॉइंट एक लिहिलं असतं तर हे दोन सेंटिमीटर त्याला जन्मात सापडले नसते.

इथे आणखी एक गंमत आहे. पुस्तकातलं ९.८ हे व्यवहारासाठी ठरवलेलं मूल्य आहे. १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने ९.८०६६५ हा आकडा प्रमाण म्हणून घेतला, तो साधारण ४५ अक्षांशाचा. विषुववृत्तावर हेच मूल्य ९.७८ असतं आणि ध्रुवावर ९.८३. आपलं ठाणे-कल्याण १९ अंशांवर, म्हणून इथे ते ९.७९च्या आसपास यायला हवं. म्हणजे नीट मोजणाऱ्या मुलाला ९.७९ आलं आणि त्याने ‘चूक झाली’ म्हणून ते खोडून ९.८ केलं, तर त्याने आपल्या गावचं खरं उत्तर खोडलं.

हा फरक जगाच्या ध्यानात आला तो एका माणसाने आलेलं रीडिंग खोडलं नाही म्हणून. १६७२ साली झाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला. पॅरिसमध्ये बरोबर चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ विषुववृत्ताजवळच्या त्या गावी दिवसाला दोन-अडीच मिनिटं मागे पडू लागलं. घड्याळ बिघडलंय किंवा आपलंच काही चुकलंय, असं म्हणून त्याला सोडून देता आलं असतं. त्याने निरीक्षणं चालू ठेवली, लंबक किती आखूड करावा लागतो ते मोजलं आणि नोंदवलं. मायदेशी शंका घेणारे होतेच. पण १६८७च्या ‘प्रिन्सिपिया’त न्यूटनने ती नोंद हाती घेतली आणि पृथ्वी मध्यभागी फुगीर व ध्रुवांशी चपटी असल्याचा पुरावा म्हणून वापरली.

उत्तर आधीच हाती असलं की डोळे त्याच दिशेने पाहू लागतात. म्हणून मला खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या लहानपणच्या, बनारसच्या घरातला फळा फार मोलाचा वाटतो. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवत. शिकायला येऊन राहिलेला मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, घरच्या फळ्यावर भाच्यासाठी, जयंतसाठी, आव्हान म्हणून गणित लिहून ठेवी. ते सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानेपर्यंत तसंच राही. घरात जाणती माणसं असूनही उत्तराची घाई कुणी करत नसे. आज क्लासच्या नोट्समध्ये प्रश्नाखालीच उत्तर छापलेलं असतं.

आणि डोंबिवलीत रीडिंग खरं लिहिण्याची ही गोष्ट वहीपुरती राहत नाही. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४, एमआयडीसीतले हे दोन्ही स्फोट इथल्या घराघरांत माहीत आहेत. २०२०च्या फेब्रुवारीत इथला रस्ता गुलाबी झाला होता, तेही. त्यांची कारणं ठरवणं तपास यंत्रणांचं काम आहे, मी त्यावर बोलत नाही. मी पुढच्या पाळीचा विचार करते. प्रत्येक रासायनिक कारखान्यात रिअ‍ॅक्टरचं तापमान आणि दाब कुणीतरी रजिस्टरमध्ये लिहीत असतं. रात्री तीन वाजता, कुणी पाहत नसताना, काट्यावर दिसतं ते लिहायचं की वरच्या ओळीतलं खाली उतरवायचं? स्लॅबच्या काँक्रीटचा क्यूब अठ्ठाविसाव्या दिवशी दाबून पाहणारा मुलगा यंत्रावरचा आकडा लिहितो की बिल्डरला हवा तो? हे हात अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेतूनच पुढे गेलेले आहेत. रीडिंग म्हणजे काय, हे आपण त्यांना तिथेच शिकवलं.

यात पालकांइतकेच आम्ही शिक्षकही बदलू शकतो, आणि त्याला कुठल्या नव्या धोरणाची वाट पाहायला नको. तोंडी परीक्षेत सगळ्यांना एकच प्रश्न विचारावा: तुझं उत्तर पुस्तकापेक्षा वेगळं का आलं? ज्याचं ९.५८ आलं आणि ज्याला कुलपाच्या कडीचं कारण सांगता आलं, त्याला पूर्ण गुण द्यावेत. ज्याच्या वहीत नेमकं ९.८० आहे, त्याच्यासमोर लंबक, फुटपट्टी आणि घड्याळ ठेवावं, आणि न रागावता, शांतपणे त्याला एकदा मोजायला सांगावं.