विटांच्या पोटातली पेटी

गोष्ट सोपारा बंदराची. तिथे विटांचा मोठा स्तूप उभा राहत होता. त्याच्या पोटात ठेवायची दगडी पेटी घडवायचे काम एका पाथरवटाकडे आले. गोल तळ, गोल झाकण. पाथरवट छिन्नी चालवी आणि मग वाळू-पाणी घेऊन दगड घासत बसे.

शिष्याला घाई होती. तो म्हणाला, “बाबा, ही तर विटांत चिणली जाणार. कोण बघणार हिला?”

“झाकण बसवून बघ.”

शिष्याने झाकण ठेवले. ते किंचित डुगडुगले. पाथरवटाने ते उचलले आणि पुन्हा घासायला घेतले. दिवस मावळला. दुसऱ्या दिवशी झाकण चपखल बसले.

पेटीत तांब्याचा करंडा ठेवला. त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. आणि सोन्याच्या करंड्यात मातीच्या भांड्याचे तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानलेले. वर विटा चढल्या. पाथरवट गेला, शिष्यही गेला. स्तूपाचे टेकाड झाले. लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणू लागले.

एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते टेकाड खणले. पेटी निघाली, दोन्ही दगड नीट घडवलेले, गुळगुळीत.

त्याच वर्षी, १९ मार्चला, दूर बार्सिलोनात सग्रादा फामिलिया या चर्चची पायाभरणी झाली होती. पुढच्याच वर्षी ते काम अंतोनी गौदी या कातालान वास्तुकाराने हाती घेतले. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. आपल्या हयातीत चर्च पुरे होणार नाही, हे त्याला पुढे कळून चुकले. तरी शंभर मीटर उंच मनोऱ्याच्या टोकावर, जिथे खालून नजर नीट पोचतही नाही, तिथे त्याने रंगीत काचेचे तुकडे जडवले. असा एकच मनोरा त्याच्या डोळ्यांदेखत पुरा झाला, १९२५ साली. पुढच्या जूनमध्ये त्याला ट्रामने धडक दिली. अंगावरचे जुने कपडे पाहून लोकांना तो भिकारी वाटला. तीन दिवसांनी तो गेला. चर्चचे काम पुढच्या पिढ्यांनी चालू ठेवले.

आज त्याच सोपाऱ्याच्या परिसरात, वसई-विरारमध्ये, जागोजागी स्लॅब टाकले जातात. स्लॅबमधली सळई कोणाला दिसत नाही. बांधणाऱ्यांनो, जे झाकले जाणार आहे, ते आधी नीट करा.