सॅकमधला चाकू नक्की कोणासाठी?

ऑनलाइन दुकानात ‘सर्व्हायव्हल नाइफ’ असं टाकून बघा. शेकडो घडीचे चाकू समोर येतील. एकाच मुठीत पातं, करवत, काच फोडायचं टोक, पट्टा कापायचा आकडा, चकमक आणि वर शिट्टी. जाहिरातीच्या फोटोत बहुतेक वेळा एकटा माणूस असतो, पाठीमागे डोंगर, समोर शेकोटी. दुसरं कोणी नाही.

माझं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे काहीही घ्यायचं म्हटलं की मी आधी तुलनेचा तक्ता करतो. पण या तक्त्याच्या आधी एक प्रश्न येतो, आणि तो तांत्रिक नाही. हा चाकू कोणाला वाचवणार आहे, आणि कशापासून?

आधी तांत्रिक भाग उरकू. घडीच्या चाकूची सगळ्यात कमजोर जागा म्हणजे त्याचा सांधा. लॉक नसेल तर उलट्या दाबाने पातं बोटांवर मिटू शकतं. लॉक असलं तरी त्यावर दगडाने ठोकून लाकूड फोडणं हे त्याचं काम नाही; त्यासाठी मुठीच्या आतपर्यंत गेलेलं सलग पातं लागतं. पोलाद जितकं कठीण तितकी धार जास्त टिकते, पण तितकंच ते ठिसूळ होतं आणि धार लावणं अवघड जातं. व्हिक्टोरिनॉक्स आपल्या पात्यांचं काठिण्य रॉकवेल मोजपट्टीवर साधारण ५६ ठेवते. हा मधला आकडा आहे. धार लवकर जाते, पण घरच्या दगडावर परत येते. आणि आपल्याकडच्या पावसात स्टेनलेसच बरं. थोडक्यात, प्रत्येक सोय दुसऱ्या कुठल्या तरी सोयीच्या बदल्यात मिळते.

गंमत म्हणजे या अवजारांचा जन्म जगण्यामरण्याच्या लढाईतून झालेलाच नाही. १८९१ साली स्वित्झर्लंडमधल्या इबाखच्या कार्ल एल्सनरने सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली, तेव्हा सैनिकाला दोन साधी कामं करायची होती: अन्नाचा डबा उघडणं आणि नव्या रायफलचे स्क्रू काढणं. १९७५ मध्ये टिम लेदरमन बायकोबरोबर जुन्या फियाटमधून युरोप फिरत होता. गाडी कुरकुरायची, हॉटेलातले नळ गळायचे आणि त्याच्या खिशातल्या चाकूला पक्कड नव्हती. त्यातून सुचलेलं अवजार १९८३ मध्ये बाजारात आलं. दोन्हीमागे दुरुस्ती होती. एकट्याने निसर्गाशी झुंजायचं चित्र जाहिरातीने नंतर चिकटवलं.

यावर कोणीतरी ॲरन रॅल्स्टनचं नाव घेणारच. एप्रिल २००३ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, ब्लू जॉन कॅन्यनमध्ये, एक मोठा धोंडा सरकून त्याचा उजवा हात अडकला. पाच दिवसांहून अधिक काळ तो तिथेच होता. शेवटी त्याने स्वस्तातल्या मल्टिटूलच्या बोथट पात्याने स्वतःचा हात कापला. त्यावर ‘१२७ अवर्स’ हा सिनेमाही निघाला. ही गोष्ट चाकूची महती म्हणून सांगितली जाते. पण तो कुठे जातोय हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. तो कामावर आला नाही, तेव्हा शोध सुरू झाला. आणि हात कापून बाहेर पडल्यावरही त्याला वाटेत भेटलेल्या एका डच कुटुंबाने पाणी दिलं, मग हेलिकॉप्टरने उचललं. चाकूने त्याला दगडापासून सोडवलं. तिथून घरी आणलं ते माणसांनी.

आता आपल्या सह्याद्रीकडे या. इथे ट्रेकर अडचणीत येतात ते वाट चुकल्यामुळे, उन्हात पाणी संपल्यामुळे, ओल्या कातळावर पाय सटकल्यामुळे, मधमाश्या उठल्यामुळे, ओढ्याला अचानक पाणी आल्यामुळे. यातल्या एकाही संकटाला पातं हे उत्तर नाही. उत्तर असतं पायथ्याच्या गावातला वाट माहीत असलेला माणूस, किंवा लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक. ही माणसं आपापला कामधंदा बाजूला ठेवून, अंधारात, पावसात, अनोळखी माणसासाठी दरीत उतरतात.

नैतिक प्रश्न इथे सुरू होतो. विकत घेतलेल्या अवजाराने माझा आत्मविश्वास वाढतो, पण तो फसला तर त्याची किंमत दुसरा कोणीतरी भरतो.

मग स्वावलंबन वाईट का? मुळीच नाही. जो आपला तुटलेला पट्टा आपण बांधतो, आपल्या पायातला काटा आपण काढतो, तो बाकीच्यांवरचं ओझं कमीच करतो. म्हणून फरक चाकूत शोधण्यापेक्षा आपल्या वागण्यात शोधावा. कसोटी अशी: हा चाकू सॅकमध्ये असल्यामुळे मी असं काय करेन, जे एरवी केलं नसतं? ‘सोबतच्या मुलीच्या बुटाचा उसवलेला तळवा बांधून देईन’ हे उत्तर असेल तर चाकू घ्यावा. ‘एकटाच, न सांगता, अनोळखी घळीने उतरेन’ हे उत्तर असेल तर तो घरीच राहिलेला बरा.

हीच कसोटी जंगलालाही लावता येते. करवत सोबत असली की फांदी कापावीशी वाटते. टोकदार पातं असलं की किल्ल्याच्या दगडावर नाव कोरावंसं वाटणारेही आहेतच. ती नावं आपण सगळ्यांनी वाचली आहेत. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर ही अभयारण्यं आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथे हौसेखातर झाड तोडता येत नाही. पायथ्याच्या वाडीतला माणूस कमरेला कोयता लावून फिरतो, कारण चारा, सरपण, कुंपण हे त्याचं रोजचं काम आहे. सरपणासाठी तोडलेल्या लाकडावरून त्याला जाब विचारला जातो. त्याच रानात आपण शेकोटीच्या फोटोसाठी फांदी कापायची, याला ‘सर्व्हायव्हल’ म्हणणं जरा जास्तच होतं.

तर मग कुठला घ्यावा? लहान, खिशात मावणारा. लॉक होणारं एक चांगलं पातं, कात्री, चिमटा. सायकलवर फिरत असाल तर पक्कड. करवत नसली तरी अडणार नाही. मूठ लाल किंवा नारिंगी असावी, काळी मूठ गवतात पडली की सापडत नाही. घरी बसून धार लावायला शिकावं. विमानाने जायचं असेल तर तो हातातल्या बॅगेत चालत नाही, हे लक्षात ठेवावं. महागड्या मॉडेलचे वाचलेले पैसे हेडटॉर्च आणि प्रथमोपचाराच्या वर्गावर घालावेत. त्या वर्गात जे शिकाल ते बहुधा दुसऱ्याच्याच कामी येईल.

आणि निघण्याआधी घरी कोणाला तरी एक मेसेज करावा: कुठला किल्ला, कुठली वाट, सोबत कोण, किती वाजेपर्यंत परत, आणि नाही आलो तर फोन कोणाला करायचा. रॅल्स्टनने हे कोणाला सांगितलं असतं, तर शोध कदाचित कितीतरी आधी सुरू झाला असता.