घर कोठे घ्यावे? बनू सलिमा आणि आपण



आपल्या घरी सध्या जागेचा शोध चालू असेल, तर पुढचा प्रसंग आपल्या परिचयाचाच वाटेल. अमरावतीतील एक शिक्षक काही दिवसांपूर्वी इशाच्या नमाजनंतर माझ्याजवळ थांबले. आयुष्यभराची बचत, गावाकडील वडिलोपार्जित शेताचा आलेला हिस्सा आणि पत्नीचे थोडे दागिने एवढ्यात त्यांना घरासाठी भूखंड घ्यायचा होता. दोन जागा त्यांनी पाहून ठेवल्या होत्या. एक वलगाव रोडच्या बाजूस, आप्तेष्टांच्या शेजारी, मस्जिदीपासून हाकेच्या अंतरावर. पण गल्ली इतकी अरुंद की समोरासमोर दोन ऑटो आले तर एकाला मागे जावे लागते. दुसरी राहटगावच्या दिशेने, मंजूर ले-आऊटमध्ये, रुंद रस्त्यावर, मिश्र वस्तीत. तेथे मात्र अजान ऐकू येत नाही. नवल असे की गल्लीतील जागेचा दर चौरस फुटाला अधिक होता. "मौलाना, फत्वा नको, सल्ला द्या," ते म्हणाले.

मी त्यांना लगेच उत्तर दिले नाही. त्याचे कारण आपल्यापुढे मांडतो, कारण हा लेख त्या कारणातूनच जन्मला आहे.

काही वर्षांपूर्वी मी अकोल्यात इमामत करीत होतो. तेव्हा एका जुमाच्या बयानात मी मोठ्या आवेशाने सांगितले होते की श्रद्धावंताने घर घ्यावे ते मस्जिदीच्या सावलीत, आपल्या माणसांत. मुले अजान ऐकत वाढतील, घरात दीन राहील. ऐकणाऱ्यांपैकी एकाने ते मनावर घेतले. मोहल्ल्याच्या कडेला नव्याने पाडलेल्या तुकड्यांपैकी एक तुकडा त्याने नोटरीच्या कागदावर घेतला आणि त्यासाठी पत्नीचे सोने मोडले. पहिल्याच पावसाळ्यात घराभोवती पाणी साचले. वडिलांना रात्री दवाखान्यात न्यायचे होते, तर रुग्णवाहिका मुख्य रस्त्यावरच उभी राहिली आणि म्हाताऱ्याला खाटेवरून वाहून न्यावे लागले. त्या गृहस्थाने मला कधी दोष दिला नाही. भेटला की आजही आदराने सलाम करतो. तो सलाम स्वीकारताना मला माझे बयान आठवते.

त्या बयानात मी बनू सलिमांची हदीस सांगितली होती, पण अर्धी. आता पूर्ण सांगतो.

बनू सलिमा हे मदीनेतील अन्सारांचे एक कुळ. त्यांची वस्ती प्रेषितांच्या (स.) मस्जिदीपासून दूर, शहराच्या एका कडेला होती. उमराहला जाऊन आलेल्या वाचकांनी 'मस्जिदे किब्लतैन' पाहिली असेल. ती त्यांच्याच वस्तीत आहे. मस्जिदे नबवीच्या आसपास काही जागा रिकाम्या झाल्या, तेव्हा या लोकांनी तेथे स्थलांतर करण्याचे ठरविले. सही मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून हा प्रसंग आला आहे. प्रेषितांच्या (स.) कानावर ही गोष्ट गेली, तेव्हा त्यांनी बनू सलिमांना आहे तेथेच राहण्यास सांगितले आणि मस्जिदीकडे येताना पडणारे त्यांचे प्रत्येक पाऊल नोंदले जाते, अशी शुभवार्ता दिली. आम्ही इमाम मंडळी ही हदीस पावलांच्या पुण्यासाठी सांगतो. मीही तशीच सांगितली आणि तिच्यावरून उलटा निष्कर्ष काढला : पावलांना एवढे महत्त्व, म्हणजे मस्जिदीला एवढे महत्त्व, म्हणून मस्जिदीजवळ राहा! वास्तविक ज्यांना हे सांगण्यात आले, त्यांना मस्जिदीजवळ येण्यापासूनच थांबविण्यात येत होते.

का थांबविले? याचे उत्तर सही बुखारीत हजरत अनस (रजि.) यांच्या कथनात आहे. मदीनेची ती बाजू उघडी पडावी, ओसाड व्हावी, हे प्रेषितांना (स.) आवडले नाही. एका वाक्याचाच हा तपशील आहे, पण मला तो फार मोठा वाटतो. बनू सलिमांचा हेतू वाईट नव्हता. मस्जिदीच्या सान्निध्याची ओढ याहून शुद्ध हेतू तो कोणता? तरीही घर कोठे असावे हे ठरविताना त्यांच्या ओढीइतकेच शहराचेही मोल धरले गेले. सारे चांगले लोक एकाच ठिकाणी गोळा झाले तर उरलेल्या शहराचे काय होईल, हा प्रश्न विचारला गेला.

आता आपल्या वऱ्हाडाकडे पाहू या. अमरावतीचा दगडी परकोट आपण रोज पाहतो. त्याचा नागपुरी गेट, त्याचा अंबागेट यांवरून आपण पत्ते सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, निजामाच्या राजवटीत, पेंढाऱ्यांच्या भयाने तो उभा राहिला. कापसाच्या व्यापाऱ्यांना भिंतीच्या आत जागा हवी होती, कारण तेथे जीव सुरक्षित होता. पुढे पेंढारी संपले, बडनेऱ्याहून रेल्वे आली, बाहेर कॅम्प वसला आणि शहर दरवाजांतून बाहेर वाहू लागले. अकोल्यात मोर्णेच्या एका तीरावर असदगडाभोवतीचे जुने शहर आणि दुसऱ्या तीरावर ताजनापेठ, असा विस्तार झाला. भय होते तोवर आतली जागा मोलाची होती. भय सरले तसे मोल बाहेर गेले.

आपल्या मोहल्ल्यांभोवती दगडी भिंत नाही. तरीही जागेच्या दरात ती दिसते. एखाद्या समाजाने, स्वेच्छेने म्हणा वा नाइलाजाने, शहराच्या दोन-चार भागांतच घर शोधायचे ठरविले की ग्राहक वाढतात आणि जमीन तेवढीच राहते. मग नाली उघडी असली, नळ एक दिवसाआड आला, तरी दर चढतो. राहटगावच्या बाजूचा विक्रेता रस्ता, वीज आणि कागदपत्रे यांचा दर सांगतो. गल्लीतील विक्रेता त्याखेरीज आणखी एका गोष्टीचा दर घेतो : ग्राहकाला दुसरीकडे जाता येत नाही, याचा. सच्चर समितीने 2006 च्या अहवालात असुरक्षिततेमुळे मुस्लिमांच्या वस्त्या एकवटत गेल्याचे आणि अशा वस्त्यांकडे नागरी सुविधांचे दुर्लक्ष होत असल्याचे नोंदविले आहे. 1992-93 नंतर मुंबईतील कितीतरी कुटुंबांनी मुंब्रा गाठले. आपल्याकडे आकार लहान असेल, कारण तेच आहे.

हा वाढीव दर हराम आहे का? तसे म्हणता येणार नाही. मदीनेत महागाई झाली तेव्हा लोकांनी भाव ठरवून देण्याची विनंती केली होती, आणि प्रेषितांनी (स.) ती नाकारली, आपल्याविरुद्ध कोणाच्या जीविताची वा मालमत्तेची तक्रार घेऊन अल्लाहपुढे उभे राहावे लागू नये, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली. म्हणून बाजारभावाने विकणाऱ्या भावाला मी गुन्हेगार म्हणणार नाही. पण फत्वा जेथे संपतो तेथे सहाबींचे चारित्र्य सुरू होते, आणि त्याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

सही बुखारीतच शुफ्आच्या, म्हणजे शेजाऱ्याच्या अग्रहक्काच्या, प्रकरणात हजरत अबू राफे (रजि.) यांचा प्रसंग आहे. त्यांच्या मालकीच्या दोन खोल्या हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या आवारात होत्या. त्या त्यांनी सअद यांना देऊ केल्या. सअद म्हणाले, चार हजार दिरहमपेक्षा अधिक देणार नाही, आणि तेही हप्त्याहप्त्याने! अबू राफे यांना दुसरीकडून रोख पाचशे दीनार मिळत होते. त्या काळच्या साधारण विनिमयाने हे पाच हजार दिरहम होतात. तरी त्यांनी खोल्या सअद यांनाच दिल्या, आणि कारण सांगितले की शेजाऱ्याचा हक्क अधिक असल्याचे आपण प्रेषितांकडून (स.) ऐकले आहे. पाचवा हिस्सा सोडला, उधारी पत्करली, केवळ शेजार म्हणून. मोहल्ल्यात घर विकणाऱ्या किती जणांनी दलालाला सांगण्याआधी शेजाऱ्याचे दार ठोठावले आहे? शेजाऱ्याला कळते ते इसार होऊन गेल्यावर.

कागदपत्रांविषयीही चार शब्द लिहितो. आपल्यातील पुष्कळ लोक व्याज टाळण्यासाठी बँकेचे कर्ज घेत नाहीत. हा त्यांचा तकवा आहे, अल्लाह तो स्वीकारो. पण रोख रक्कम तोकडी पडते आणि मग शेताचा बिगर-अकृषक तुकडा, सामाईक सात-बारा, नोटरीचा करारनामा असा मार्ग धरला जातो. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे अशा तुकड्यांची खरेदीखते दीर्घकाळ अडत होती. शासनाने 2001 मध्ये गुंठेवारीचा कायदा केला आणि 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतचे भूखंड त्याच्या कक्षेत आणले. तरी नियमित करून घेण्याचा खर्च आणि खेटे घेणाऱ्याच्याच माथी येतात. फिक्हच्या ग्रंथांत 'गरर', म्हणजे अनिश्चिततेचा सौदा, समजाविताना पाण्यातील मासा आणि आकाशातील पक्षी विकण्याची उदाहरणे देतात. ज्या जागेची मालकीच हाती येईल की नाही हे ठाऊक नाही, तिला काय म्हणावे? एक मोठे पाप टाळताना आपण दुसऱ्या निषिद्धात पाऊल टाकीत नाही ना, हे पाहिले पाहिजे. आणि जे आपलेच बांधव ले-आऊटमधील रस्त्याची किंवा खुली जागा भूखंड म्हणून विकतात, त्यांनी वीतभर जमीन बळकावणाऱ्याच्या गळ्यात सात जमिनी पडण्याची हदीस एकदा शांतपणे वाचावी.

पुन्हा शिक्षकांच्या प्रश्नाकडे येतो. त्यांची खरी अडचण दर नव्हती, शेजार होती. "घराआधी शेजारी पाहा" हे वचन आपण हदीस म्हणून ऐकतो. मुहद्दिसांच्या मते त्याची सनद कमजोर आहे, अर्थ मात्र अनुभवाचा आहे. पण शेजारी म्हणजे कोण? सूरह निसाच्या 36 व्या आयतीत आप्त शेजाऱ्याबरोबरच परक्या शेजाऱ्याशीही सद्वर्तनाचा आदेश आहे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे मटण पाठविले का, हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले. परका शेजारीच नसेल, तर आयतीचा हा भाग आपण कोठे आचरणात आणणार? ज्या मुलाने बारा वर्षांत शेजारच्या घरून दिवाळीचा फराळ आलेला पाहिला नाही आणि ज्याच्या हाती आईने ईदला शीरखुर्म्याचा डबा देऊन त्या घरी पाठविले नाही, तो ही आयत पाठ करील, पण ती त्याला कळेल का?

मला ठाऊक आहे, या ठिकाणी काही वाचक मनात म्हणतील : मौलाना, आपण मस्जिदीला लागून असलेल्या खोलीत राहता, आपल्याला बोलायला काय जाते? आक्षेप रास्त आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये अमरावतीत संचारबंदी लागली. मे 2023 मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल झाली. त्या दिवसांत मिश्र वस्तीत एकट्या पडलेल्या घरातील बाई दाराची कडी किती वेळा तपासत असेल, हे मला बयान देऊन पुसता येणार नाही. भीतीला ईमानची कमजोरी म्हणणे हा अन्याय आहे, उंट बांधून मग भरवसा ठेवण्याची शिकवण प्रेषितांचीच (स.) आहे. बनू सलिमांना कडेला राहण्यास सांगितले गेले, तेव्हा त्या कडेच्या रक्षणाची जबाबदारी सर्व मदीनेवर होती. आपल्या शहराने तेवढी हमी दिलेली नाही. शिवाय कित्येकदा निर्णय आपल्या हाती नसतोच. फोनवर जागा रिकामी असते आणि नाव सांगितले की ती "कालच गेली" असते.

पण तक्रार करण्यापूर्वी आपल्या गल्लीतही डोकावू या. दुसऱ्या मस्लकचा भाडेकरू आपण ठेवतो का? दुसऱ्या बिरादरीच्या माणसाला घर विकताना कपाळावर आठी पडत नाही का? बदलून आलेल्या एखाद्या हिंदू किंवा बौद्ध कर्मचाऱ्याने आपल्या मोहल्ल्यात खोली मागितली, तर आपण काय सांगतो? "कालच गेली" हे वाक्य आपल्यालाही येते.

आणि ज्यांना बाहेर जाणे परवडते ते सारे गेले, तर मोहल्ल्याचे काय, हा बनू सलिमांच्या हदीसचाच दुसरा चेहरा आहे. डॉक्टर गेला, वकील गेला, नगरसेवकाला जाब विचारू शकणारा प्राध्यापक गेला. नाली तुंबली की अर्ज लिहिणारे कोणी उरत नाही. त्यांनी जाऊच नये असे मी म्हणत नाही. ज्याची आई जिन्यावरून उतरू शकत नाही, ज्याच्या मुलीचे महाविद्यालय दुसऱ्या टोकाला आहे, त्याने अवश्य जावे. पण जुन्या मस्जिदीच्या कमिटीतील, मोहल्ल्यातील शाळेच्या बैठकीतील त्याची जागा त्याने घराबरोबर विकून टाकू नये. दूर राहून येणाऱ्याची पावले नोंदली जातात, ती यासाठीही असतील.

त्या शिक्षकांना मी शेवटी एवढेच विचारले, की दोन्ही जागा त्यांच्या पत्नीने पाहिल्या आहेत का? दिवसाचे सोळा तास त्या घरात तिला काढायचे आहेत. ते गप्प झाले. तिने एकही पाहिली नव्हती. फक्त दर ऐकले होते. मी म्हटले, तिला घेऊन जा, आणि दुपारी नव्हे, मगरिबच्या सुमारास जा. दिवे लागल्यावर वस्ती कशी आहे ते कळते. राहटगावकडच्या दोन्ही बाजूंच्या घरांत जाऊन पाणी मागा, बसा, आपले नाव सांगा. वलगाव रोडच्या जागेचे खरेदीखत आणि मंजूर नकाशा वकिलाला दाखवा, आणि तो विक्रेता आपला नातलगच आहे, तर अबू राफे यांचा प्रसंग त्याच्या कानावर घाला.

यावर ते हसले. नातलगाला हदीस सांगण्यापेक्षा दोन टक्के अधिक देणे सोपे, म्हणाले. येत्या रविवारी पत्नीला घेऊन ते राहटगावला जाणार आहेत. इसार अजून कोणालाच दिलेला नाही.