चार बोटांचं अंतर

सकाळी सहाला आईच्या डोळ्यात दिवसाचा पहिला थेंब पडतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आज नववा दिवस. ती उशीला टेकून मान मागे करते. मी खालची पापणी हलकेच ओढते आणि तिथे झालेल्या खोबणीत थेंब सोडते. एकच. डोळ्यात मावतं तेवढंच. दुसरा सोडला तर गालावर ओघळतो. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं मिनिटभर दाबून धरायचा, म्हणजे औषध नाकात उतरत नाही. दुसऱ्या बाटलीला अजून पाच मिनिटं अवकाश असतो.

त्या पाच मिनिटांत रोज चिठ्ठी हातात घेते. पहिल्या दिवशी आईनं विचारलं होतं, "अगं, ओडी म्हणजे दिवसातनं एकदाच ना?" तिच्या ब्लडप्रेशरच्या गोळीपुढे वर्षानुवर्षं ओडी लिहिलेलं असतं आणि तिथे त्याचा अर्थ तोच आहे. डोळ्यांच्या चिठ्ठीवर मात्र ओडी म्हणजे ऑक्युलस डेक्स्टर, उजवा डोळा. ओएस डावा, ओयू दोन्ही. कानाला लॅटिनमध्ये ऑरिस, म्हणून एडी, एएस, एयू. डाव्यासाठी असलेल्या 'सिनिस्टर' शब्दाला तिथेही अशुभाची छटा आहे, अगदी आपल्या 'वाम'सारखी.

आई लहानपणी सांगायची, ऐकलेलं आणि पाहिलेलं यांत चार बोटांचं अंतर असतं, कान आणि डोळ्यात असतं तेवढं. चिठ्ठीवर तेवढंही उरत नाही. घाईत लिहिलेल्या इंग्रजी 'ए'ची शेपटी राहिली की त्याचा 'ओ' होतो.

आमच्या घरी हे घडलंय. बाबांच्या कानात मळ घट्ट झाला होता, तो मऊ करायचे थेंब दिले होते. दुकानात कुणीतरी एयूचं ओयू वाचलं आणि खोक्यावर बॉलपेननं लिहून दिलं, 'दोन्ही डोळे'. मी त्या दोन शब्दांवर विश्वास ठेवला. बाबा ओरडले तो आवाज अजून विसरले नाही. नळाखाली पंधरा मिनिटं डोळे धूत होतो. सुदैवानं निभावलं. डोळ्याचं औषध निर्जंतुकच लागतं, कानाच्या थेंबांना तेवढी सक्ती नसते, आणि मळ विरघळवणारं द्रव्य तर डोळ्याला जाळतंच.

अमेरिकेतल्या 'इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस' या संस्थेनं चुकांना वाव देणाऱ्या संक्षेपांची यादी केली आहे. तीत ही सहाही अक्षरजोडपी आहेत. त्यांचं म्हणणं साधं आहे: उजवा डोळा, डावा कान असं पूर्ण लिहा. आपल्याकडे २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलनं औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या लिपीत लिहायला सांगितलं. त्या नियमाचा रोख औषधाच्या नावावर होता. ते घालायचं कुठे, हेही तितक्याच ठसठशीतपणे लिहिलं जावं असं मला फार वाटतं. डॉक्टरांची घाई मी बघते, बाहेर बाकं भरलेली असतात. केसपेपरवर त्यांनी आपली लिपी जरूर वापरावी, तो त्यांच्या माणसांनीच वाचायचा असतो. चिठ्ठी घरी येते. ती वाचून बाटली तिरपी करणारी सून असते, नातू असतो, कधी एकटं राहणारं म्हातारं माणूस स्वतःच असतं.

ऑपरेशनच्या दिवशीच मी दोन्ही बाटल्यांवर पांढरी चिकटपट्टी लावली आणि मार्करनं जाड अक्षरांत लिहिलं. झाकण उघडलं ती तारीखही घातली, महिन्यानं बाटली टाकायची म्हणून.

पाच मिनिटं झाली. मी दुसरी बाटली उचलते. आई डावा डोळा तळव्यानं झाकते, ऑपरेशन झालेला किलकिला करून पट्टीकडे बघते.

"उजवा डोळा," ती वाचते, आणि मान मागे टेकते.