घास आणि गवाही

अब्बांनी तांदळाची भाकरी खाणे सोडले, तेव्हा आम्ही त्याला नखरे म्हटले. घास गिळताना ते मान वळवीत, पाणी मागत, घशात काहीतरी अडते म्हणत. चहा आणि शोरबा मात्र सहज उतरे. त्यामुळे तर आमचा संशय पक्काच झाला. घसा खरोखर अडला असता तर शोरबा तरी कसा गेला असता?

आमचे हे तर्कशास्त्रच उलटे होते. मानेत सात मणके असतात आणि त्यांच्या पुढेच घसा व अन्ननलिका. उतारवयात मणक्यांच्या कडांना हाड वाढते. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. क्वचित ते पुढे येऊन अन्ननलिका दाबते. मग पातळ पदार्थ वाट काढतो, घट्ट घास अडतो. फोरेस्तिए आणि रोतेस-केरोल या डॉक्टरांनी १९५० साली वृद्धांच्या कण्यातील अशा हाडवाढीचे वर्णन केले. मधुमेहींत ती अधिक आढळते, आणि अब्बांना साखर होतीच.

मानेचा बाजूने काढलेला एक्स-रे डॉक्टरांनी उजेडाकडे धरला. पोपटाच्या चोचीसारखे हाड स्पष्ट दिसत होते. दुर्बीण घालून कॅन्सर नसल्याची खात्री झाली. त्या संध्याकाळपासून अम्मी मऊ खिचडी करू लागल्या. आम्ही सगळेच एकदम शहाणे झालो.

पण मग प्रश्न उरला. ज्या माणसाने वीस वर्षे मशिदीचा हिशेब ठेवला आणि ज्याच्यावर एका पैशाचाही कुणी संशय घेतला नाही, त्याची स्वतःच्या घशाबद्दलची गवाही आम्हाला का पुरली नाही? प्लॅस्टिकची एक काळी फिल्म आम्हाला बापापेक्षा विश्वासू का वाटली? वर्गात पोट दुखते म्हणणाऱ्या पोराकडेही आम्ही असेच पाहतो, हे कबूल केलेले बरे.

ऑपरेशन करून हाड काढता येते. पण ते मानेच्या पुढून करतात, आणि आवाजाच्या नसेला धक्का लागण्याचा धोका असतो. अब्बा म्हणाले, “तिलावत चालू राहू दे, भाकरी गेली तरी चालेल.” आम्ही आग्रह केला नाही.

रमजान आला. एकेका घासाला इतका वेळ लागे, की सेहरीची वेळ त्यांना पुरेना. औषधेही वेळेवर हवीत. मौलवीसाहेबांनी सांगितले, बरे होण्याची आशा नसलेल्या आजाऱ्याला फिदया आहे, दर रोजामागे एका गरिबाचे जेवण. अब्बांनी ते मानले, पण म्हणाले, “मोहल्ल्यातल्या लोकांना काय सांगू? एक्स-रे गळ्यात बांधून फिरू?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. घरच्यांनीच कागद मागितला होता, मग मोहल्ल्याला दोष कसा देणार?

इफ्तारला ते आमच्याबरोबर दस्तरखानावर बसतात. खजुराची बी काढून ती दुधात भिजवतात, मान उजवीकडे वळवून हळूहळू गिळतात. त्या वेळी आमच्यापैकी कुणी त्यांच्याकडे पाहत नाही. की पाहूनही न पाहिल्यासारखे करतो, हे आम्हालाही नीट सांगता येणार नाही.