आता कोणती लावायची?

पोथीची समाप्ती झाली, आरती झाली, की प्रसादाचा द्रोण हातात पडायच्या आत देवळात कोणीतरी विचारायचंच, "मग, आता कोणती लावायची?" पुस्तक आपण वाचतो, पोथी मात्र लावतो. रोप लावावं तशी. एकदा लावली की पाणी घालणं आलं, मध्येच सोडून उठता येत नाही.

परवा आमच्या वाचनमंडळात हाच प्रश्न निघाला. मंडळ म्हणजे सेलूतली नऊ माणसं आणि एका घराची ओसरी. फलक नाही, पावतीपुस्तक नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी जमतो, ठरलेल्या पुस्तकावर बोलतो. आमच्यातल्या एक वहिनी याला 'भिशी' म्हणाल्या, ते नाव चिकटलं. मागच्या खेपेला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घेतली होती. १९५५ची कादंबरी, हातात मावेल एवढी. सगळ्यांनी दोन रात्रींत संपवली, सगळ्यांना आवडली आणि तिथेच घोटाळा झाला. वीस मिनिटांत बोलणं आटोपलं. उरलेला दीड तास कांदाभजी, कापसाचा भाव आणि दुधना धरणात पाणी किती, यावर गेला. पुस्तकाचा काही दोष नाही. ज्याचं त्याला एकट्यालाच ते पुरून उरलं होतं, ओसरीवर आणण्यासारखं कोणाकडे काही शिल्लक नव्हतं.

म्हणून पुढचं पुस्तक जरा विचार करून निवडायचं ठरलं. "अभिजात घ्या, अभिजात," एक जण म्हणाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून हा शब्द आमच्याकडे बाजारपेठेतसुद्धा ऐकू येतो. पण भाषेला दर्जा मिळाला, तसा पुस्तकाला कोण देणार? आम्ही हात वर करून मतं घेतली. 'मृत्युंजय'ला सहा. सहाही जणांनी ती वाचलेली होती, दोघांनी दोनदा. मतदानाचं असंच होतं. न वाचलेल्या पुस्तकाला मत देणार कोण? निवडून येतं ते ओळखीचं. मग नवीन पुस्तकाला ओसरीवर पाय ठेवायला जागा कुठली?

देवळातली जुनी रीत मला या बाबतीत जास्त शहाणी वाटते. पोथी मतांवर ठरत नसे. ज्याने पोथी लावायचं मनावर घेतलं त्याचा शब्द पहिला, सांगणाऱ्या बुवांचा दुसरा आणि तिसरा पंचांगाचा. श्रीधरांच्या 'हरिविजया'चे अध्याय ३६, 'रामविजया'चे ४०, 'पांडवप्रतापा'चे ६४. महिपतीबुवांच्या 'भक्तिविजया'चे ५७. हातात नुसता श्रावण असेल तर 'हरिविजय' रोज एक-सव्वा अध्यायाने उरकतो. आषाढी ते कार्तिकी असा सगळा चातुर्मास असेल तर 'पांडवप्रताप' रोज अर्ध्या-पाऊण अध्यायाच्या चालीने निवांत चालतो, मध्ये पाऊस लागला, कोणाकडे मयत झाली, तरी बिघडत नाही. म्हणजे ग्रंथ किती थोर हा प्रश्न नव्हताच, ते ठरूनच गेलेलं होतं. आपल्याकडे किती दिवस आहेत आणि ऐकायला कोण बसणार आहे, एवढंच बघायचं.

ऐकायला कोण बसत होतं, हेही आठवून बघा. वाती वळत बसलेल्या बायका, मागच्या खांबाला टेकून डुलक्या घेणारे आजोबा, बाजाराच्या दिवशी खेड्यावरून आलेला आणि गाडी चुकलेला एखादा. यातल्या निम्म्यांना अक्षरओळख नसे. पण एखाद्या ओवीवर बुवा थांबले आणि अर्थ सांगू लागले, की डुलकी घेणाराच मान वर करून म्हणायचा, "तसं नाही बुवा." मग अर्धा तास पोथी बाजूला आणि वाद समोर. एकट्याने घरात 'पांडवप्रताप' पुरा करणारी माणसं गावात किती निघाली असती? मोजकीच. सगळ्यांनी मिळून मात्र तो वर्षानुवर्षं पुरा होत आला. आमच्या या मुलखात हे नवल नाही. गंगाखेडची जनाबाई, नर्सीचे नामदेव, जांबचे रामदास, आपेगावचे ज्ञानेश्वर, सगळे मराठवाड्यातले. यांचे शब्द आमच्यापर्यंत आले ते डोळ्यांपेक्षा कानांनी.

परदेशातही अभिजात ग्रंथ निवडायचे खटाटोप झाले. १९५२मध्ये शिकागोच्या विद्वानांनी पाश्चात्त्य थोर ग्रंथांची ५४ खंडांची मालाच छापून काढली. एकसारख्या बांधणीची, दिवाणखान्यात मांडायला झकास. यादी कपाटाच्या कामाची असते, असं माझं मत त्यामुळे आणखी पक्कं झालं.

तर कसोटी कोणती लावायची? मला एकच सुचते. जे पुस्तक एकट्याने वाचून होतं, ते मंडळात घेऊ नये. जे आपण चाळिसाव्या पानावर उपडं घालून ठेवलं आणि परत उचललं नाही, ते घ्यावं.

हे मी बोललो आणि ओसरीवर कबुलीजबाब सुरू झाले. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' मी तीनदा सुरू केली. १९६३ची म्हणतात, मी साठ वर्षं तिच्या मागे आहे म्हणा ना. तिच्यात काही घडतच नाही." पुण्यात चार वर्षं स्पर्धा परीक्षा देऊन परत सेलूला आलेला एक मुलगा आमच्यात आहे, तो एरवी फारसं बोलत नाही. तो म्हणाला, "गुरुजी, मी ती दोनदा वाचलीय." बस, एवढंच. खानदेशातून पुण्याला शिकायला गेलेला आणि हात हलवत घरी परतलेला पांडुरंग सांगवीकर त्याला काय सांगून गेला असेल, ते कोणी विचारलं नाही. पण ज्या पुस्तकात एकाला काहीच घडताना दिसत नाही आणि दुसऱ्याला दोनदा वाचावंसं वाटतं, ते मंडळात आल्याशिवाय राहायचं नाही, हे तिथेच कळलं.

वहिनींनी हरिभाऊ आपट्यांचं 'पण लक्षात कोण घेतो' सुचवलं. जाडजूड म्हणून दोघे कुरकुरले. त्यांना सांगितलं, हरिभाऊंनी १८९०मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि ही कादंबरी त्यातून हप्त्याहप्त्याने आली. पहिल्या वाचकांना ती एकदम मिळालीच नव्हती. यमूचं पुढे काय होणार, म्हणून ते आठवडाभर थांबायचे. मग आपण एका महिन्यात गिळायची घाई का करावी? चार महिने घ्या, हप्त्यांनी वाचा. पंचांगाचा हिशेब इथेही लागू पडतो.

अडतीवर बसणाऱ्या एकाने जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' काढला. १८८३मधलं लेखन. "आमच्या धंद्यावरच आसूड आहे तो, पण वाचायला पाहिजे," असं तो स्वतःच म्हणाला. अडत्याने असूड सुचवावा, यापेक्षा मोठी शिफारस कुठली? ते पुस्तक आम्ही हिवाळ्याला ठेवलंय, कापूस घरात आल्यावर.

आणि मग माझी पाळी आली. भिशीत जसा नंबर निघतो, तसा इथून पुढे ज्याचा नंबर त्याने पुस्तक सांगायचं, बाकीच्यांनी नाक न मुरडता वाचायचं, असं ठरलं होतं. पहिली चिठ्ठी माझीच निघाली.

सेलूहून परतूरकडे जाणाऱ्या पॅसेंजरला सातोना लागतं. गाडी थांबते, चार माणसं उतरतात, सुटते. त्या सातोन्यात १५ ऑगस्ट १९१३ रोजी भगवान रघुनाथ कुलकर्णी जन्मले. निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी केली, कार्यालयाचं काम उर्दूत, लिहिणं मराठीत. आधी 'फुलारी' या नावाने कविता, पुढे बी. रघुनाथ या नावाने कविता, कथा, कादंबऱ्या. ७ सप्टेंबर १९५३ला गेले तेव्हा वय चाळीस. परभणीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे. तिथल्या खुर्च्यांवर आम्ही सगळे कधी ना कधी बसलोय. व्याख्यानं ऐकलीत, नाटकं बघितलीत, सत्कार झेललेत. "यांची एक तरी कादंबरी पूर्ण वाचली का कोणी?" मी विचारलं. कोणी छताकडे बघितलं, कोणी चहाकडे. मी तरी कुठे वाचली होती? पंचवीस वर्षांपूर्वी 'आडगावचे चौधरी' ग्रंथालयातून आणली, तीसेक पानांवर ठेवली, मुदत संपली म्हणून परत केली. लेखक गेल्यावर १९५४मध्ये आलेली ही कादंबरी. नावात 'आडगाव' आहे, आणि आमचं गाव अगदी आड नसलं तरी आडगावांनी वेढलेलं आहे. घरची म्हणूनच बहुधा राहून गेली. पाहुण्यांना वाढण्याच्या नादात घरचा माणूस उपाशी राहतो, तसं काहीसं.

एक जण म्हणाले, "पण तिला अभिजात म्हणायचं का?" खरं सांगायचं तर मला माहीत नाही. वाचल्यावर ठरवू. कदाचित नाही म्हणू. न वाचता सभागृहाला नाव देऊन मोकळं होण्यापेक्षा वाचून नाही म्हटलेलं बी. रघुनाथांनाही चाललं असतं, असं वाटतं. गुरुजी लगेच म्हणाले, "म्हणजे आम्ही 'कोसला' सोडली तसं तुम्ही हे सोडलं होतं तर!" सोडलं होतंच. म्हणून तर माझा नंबर निघाल्यावर तिचंच नाव सांगितलं.

अडचण आता वेगळीच आहे. नऊ माणसांत प्रती जमल्या दोन. एक ग्रंथालयाची, एक गुरुजींच्या मेहुण्यांकडची. एकाने वाचून दुसऱ्याला द्यायची म्हटलं तर दिवाळी ओलांडेल. त्यावर वहिनींनी तोड काढली. रोज संध्याकाळी ओसरीवर बसायचं, एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. वाती आणल्या तरी हरकत नाही.

सोमवारपासून लावतोय. सेलू, परतूर, मानवतकडच्या कोणाच्या घरी, माळ्यावरच्या पेटीत 'आडगावचे चौधरी'ची जुनी प्रत पडली असेल तर चार महिन्यांसाठी द्या. कव्हर घालून परत करू.